रुमालातला प्रोसेसर

दोस्तांनो, कुंभार पिंपळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आज सुमनताई पोरीचा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आल्या.

सोबत रुमालात गुंडाळून घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आणला होता. "भाऊ, तुम्हीच म्हणल्ते ना, जपून ठेवा, कामाला येईल? हा बसवा."

कुठं बसवू? पहिले सॉकेटची बारीक दांडी उचलली की प्रोसेसर हातात यायचा. आता असल्या लॅपटॉपात प्रोसेसर, मेमरी, पोरीचा प्रोजेक्ट साठवलेली चिप, सगळं कंपनीतूनच बोर्डाला पक्कं चिकटून येतं. अन् हा बोर्डच जळालाय.

"मंग तुम्ही दुरुस्त काय करता?" ताईंनी साधंच विचारलं.

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं?

मी प्रोसेसर परत रुमालात गुंडाळून दिला. ह्या बारीला 'जपून ठेवा' म्हणलो न्हाई.