नऊशे नव्याण्णव खेळांची कॅसेट

माळ्यावर व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट सापडली आणि तापलेल्या प्लॅस्टिकच्या वासाने गारखेड्यातला तो दुष्काळी उन्हाळा परत आला. वेष्टनावर नऊशे नव्याण्णव खेळांचा दावा होता. प्रत्यक्षात तेच सात खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ही उघड फसवणूक आहे, कॅसेट पुरावा म्हणून ग्राहक मंचापुढे ठेवतो, असे मी तेव्हा संतापून म्हणालो.

टँकरची वाट पाहत खेळणाऱ्या पत्नीने मानही वर केली नाही. "अहो, पाण्यासाठी एवढी पत्रं लिहिलीत, त्यानं टँकर आला का कधी? अस्सल कॅसेट आपल्याला परवडायची नाही. ही नेली, तर रिकाम्या हंड्यांकडं बघत दुपार काढू का मी?"

मी तक्रार केली नाही. आता आमचे शहर दौलताबादच्या दिशेने पसरले आहे, पण नळ अजूनही रोज येत नाही. रोजच्या पाण्याचे आश्वासन देणाऱ्यांना पत्रे लिहून मी थकलो. त्या फसव्या कॅसेटमध्ये निदान सात खेळ तरी खरे होते.