पुरुषांच्या खोलीतली नक्षी

शुभदा बुधवारी दुपारी कुठे जाते, हे तिच्या नवऱ्याआधी मला कळायला हवं होतं. आइंडहोवनला आमची दारं समोरासमोर, आणि माझा स्वभाव असा की पोस्टमन समोर जरा रेंगाळला तरी मी पडदा सरकवते.

शुभदा मूळची सोलापूरची, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. श्रीहर्षला चिपची मशीन बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि २०१२ साली ती त्याच्यामागोमाग इथे आली. इथे तिची ओळख एकच, श्रीहर्षची बायको. ती डच शिकली, सायकल शिकली, हिवाळ्यात खिडकीशी नुसतं बसून राहायलाही शिकली. मग तीन वर्षांनी एकदम बाईसाहेब दर बुधवारी गायब!

"उल्काताई, ती कुठल्या तरी मोरोक्कन बाईकडे जाते," श्रीहर्ष मला म्हणाला. "मशिदीजवळ. घरी कंपास घेऊन बसते, विचारलं की म्हणते क्लास आहे. हल्ली न्यूजमध्ये काय काय येतं, तुम्ही वाचताच. एकदा बघून याल का, प्लीज?"

मला तेवढंच हवं होतं.

शहराच्या वूनसेल भागातल्या समाजकेंद्रात नजात नावाची, डोक्याला स्कार्फ बांधलेली चाळिशीची बाई दोरी आणि खडूने जमिनीवर वर्तुळं काढत होती. काढता काढता ती त्यांचा इतिहास सांगत होती. शाळेत आमचा इस्लाम अफझलखानापासून सुरू होऊन शाहिस्तेखानाच्या बोटांपाशी संपला होता. ही सांगत होती ते त्याच्या हजार वर्षं आधीचं. हिरा गुहेत मुहंमद पैगंबरांना झालेला साक्षात्कार, मक्का सोडून मदिनेला जाणं, तिथली कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांवर उभी केलेली मशीद. गुलाम आणि व्यापारी एका रांगेत उभे राहिले, म्हणून मक्केतल्या बड्या लोकांच्या पोटात कसं दुखलं. प्रार्थनेच्या जागी मूर्ती नाही, चित्र नाही, मग कारागिरांचे हात वळले अक्षरांकडे, वेलींकडे, वर्तुळांकडे.

"आणि फिरत फिरत आमच्या विजापूरला आले," शुभदा मध्येच म्हणाली. सोलापूरच्या मुली सहलीला गोलघुमटात जाऊन ओरडतात. ही म्हणे तिथल्याच इब्राहिम रोझ्याच्या दगडी जाळ्या वहीत उतरवत बसलेली.

मला सगळं फार गोड वाटलं. आणि एखादी गोष्ट गोड वाटली की माझा संशय वाढतो.

येताना शुभदाने खरं काय ते सांगितलं. मशिदीत वुजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची, खोली नवी होत होती. तिथल्या भिंतीसाठी तिची नक्षी निवडली होती. फक्त कमिटीने ती पूर्ण आकारात बघून होकार द्यायचा होता.

"ताई, या देशात माझं म्हणावं असं हे पहिलं काम," ती म्हणाली. "हे गेलं तर मी परत खिडकीशी."

त्या शनिवारी मीही गेले. पहाऱ्याला म्हणा हवं तर. मशिदीच्या हॉलमध्ये सकाळपासून ओणवी होऊन तिने पांढऱ्या खडूने सगळी नक्षी काढली. झाल्यावर कंबर सरळ केली, पर्समधून डबी काढली आणि मधोमध हळदकुंकवाची चिमूट सोडली. मी शेजारीच होते. एवढी संशयी मी, पण मला काहीसुद्धा खटकलं नाही!

कमिटी आली. कौतुकाने बघता बघता सगळ्यांची नजर मध्यावर थांबली. "हे काय?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, हिने इथे पूजा केली. नजातचाही चेहरा उतरला. "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

शुभदाचं डच त्या घटकेला निम्मं पळालं. "आमच्याकडे नुसती पांढरी नक्षी ठेवत नाहीत. अशुभ असतं. तुमच्या घरात तसं राहायला नको, म्हणून... हात आपोआप गेला."

कमिटीतले म्हातारे हाजी अब्देलकादर पुढे झाले. "पुसशील?"

"पुसते."

तिने ओल्या फडक्याने पुसलं.

"आता अशुभ नाही का?" त्यांनी विचारलं.

"भिंतीवर रंग येणार ना," ती म्हणाली.

हाजींनी मान डोलावली आणि काम मिळालं. पण 'पूजा केली' म्हणणारा गृहस्थ निघेपर्यंत जमिनीकडे वाकून वाकून बघत होता.

माझ्या पोटात काही राहत नाही. श्रीहर्ष भडकला. "मशिदीत कुंकू वाहिलं? आणि वर पुसलं?" त्याला दोन्हींचा राग एकदमच आला.

नक्षी लागली ती पुरुषांच्या वुजूच्या खोलीत, जिथे बायका जात नाहीत. विनंती केली असती तर रिकाम्या वेळी तिला दाखवलीही असती, पण शुभदा हट्टाला पेटली होती. मशिदीने शेजारपाजाऱ्यांसाठी दारं खुली ठेवली त्या रविवारी ती श्रीहर्षला म्हणाली, "तूच बघून ये."

तो कपाळाला आठ्या घालून आत गेला. आम्ही दोघी दाराशी चपलांच्या मांडणीजवळ थांबलो. बराच वेळ झाला तरी तो येईना. मला वाटलं, हा आत नक्कीच वाद घालतोय.

तो आला तेव्हा त्याचे मोजे ओले झाले होते. शुभदाकडे तो अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

"एवढं सुंदर... आणि मला घरी कधी दाखवलं नाहीस?"

"तिथे कोण कोण असतं, हे रोज विचारलंस," शुभदा म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "मी काय काढते, हे तुम्हा दोघांपैकी एकाने तरी विचारलं?"