धाकूबायचं कांबळं

थळच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला शिव्यांनी जाग आली. "मेल्या, झोपलास काय? कान फुटलं तुजं?" वरिष्ठांकडून अशी भाषा ऐकायची सवय होती, पण इतक्या लवकर नाही. खिडकीतून पाहिलं, तर एक उंच, काटकुळी कोळीण किनाऱ्यावरच्या शेंदरी धोंड्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. शिव्या वेताळाला होत्या. त्या संपल्यावर तिनं त्याच्या पणतीत तेल घातलं, खांद्यावरचं काळं कांबळं शेजारच्या लाकडी मेढीवर उन्हात पसरलं आणि मासळीची पाटी उचलून ती बाजाराला गेली.

ती धाकूबाय. कांबळं तिच्या मुलाचं, पांडूचं. आदल्या वर्षी तो होडी घेऊन गेला तो परत आला नव्हता. होडीची फळी सापडली नाही, की प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. जाताना तो कांबळं घरी विसरला होता. येईल तेव्हा गारठलेला असेल, म्हणून ती ते रोज उन्हात घालून तयार ठेवी. वेताळाजवळ तिचं एकच मागणं होतं: माझा पोऱ्या आण.

मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. ओळख झाल्यावर न राहवून विचारलं, "धाकूबाय, जो ऐकतच नाही, त्याला रोज तेल कशाला घालतेस?"

"तुजा सायब तुजं ऐकतो काय रं?"

"नाही."

"तरी जातोस ना रोज कचेरीत?"

मी टोपी उचलली आणि कचेरीची वाट धरली.

एकदा गावात एक बुवा आले. सोबत छत्री धरणारा एक, पंखा हलवणारा एक आणि बुवांची थोरवी सांगणारे उरलेले सगळे. धाकूबायची कहाणी ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि निकाल दिला, "बाई, श्रद्धा कमी पडली."

धाकूबायनं विचारलं, "बुवा, तुमी मांडव्याहून बोटीनं आलाव काय?"

"छे, छे. आम्हाला समुद्र लागतो. आम्ही खुश्कीनं आलो."

"मंग माजी श्रद्धा कंची मोजताव? दर्यात बसलं की समदे देव आपसूक आठवतात."

पंखेवाला हसला. त्याला बहुधा नंतर बोलणी बसली असतील.

पण बुवांचं ते वाक्य तिच्या मनात रुतलं असावं. त्या दिवशी जाळं सांधणाऱ्या सुनेजवळ बसून ती आपल्या हातांकडे बघत होती. थळच्या कोळणी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. डावा हात तेवढा भरलेला असतो. धाकूबाय विधवा, तिचे दोन्ही हात मोकळे.

"दर्यानं शब्द पाळला, कारकुना," ती म्हणाली. "माजा नाखवा दर्यात न्हाय मेला. तापानं मेला, घरात, खाटंवर. बांगड्या दिल्या तवा मी धन्याचं बोलले. पोऱ्याचं बोललेच न्हाय. तवा पोऱ्या होता कुठं?"

"अगं, समुद्र काय असे करार करतो?"

"माजीच चूक," ती म्हणाली. माझं तिनं ऐकलंही नसावं.

सून मंजुळा विशीतली. तिच्या डाव्या हातात बांगड्या तशाच होत्या, कारण धाकूबाय त्या फोडू देत नव्हती. आणखी दोन पावसाळे गेले. मग नवगावच्या एका होडीवरच्या भल्या तांडेलानं मंजुळेला पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, विचारलं. पंच म्हणाले, होईल, पण मुलगा गेला असं सासूनं आपल्या तोंडानं सांगायला हवं. धाकूबाय कितीतरी दिवस वेताळाकडे फिरकली नाही. मग एका सकाळी पंचांसमोर येऊन उभी राहिली. "गेला माजा पोऱ्या," ती म्हणाली. "पोरीला जगू द्या."

पाटाच्या दिवशी संध्याकाळी नव्या चुड्यातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या होत्या. मंजुळा हटून बसली. "आय, त्याला मी कायबी देनार न्हाय. त्यानं माजं काय ठेवलं?"

"मंग कोनाला देशील? दुसरा दर्या हाय कुठं?" धाकूबायनं तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या हळूच उतरवल्या आणि ती गुडघाभर पाण्यात गेली. या वेळी ती काही विसरली नाही. धन्याचं बोलली, होणाऱ्या पोरांचं बोलली, त्या पोरांच्या पोरांचंही बोलली. बांगड्या सोडल्या. मग खांद्यावरचं कांबळं काढलं.

"आनि माजा पोऱ्या तुज्याकडं हाय," ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "त्याला थंडी सोसत न्हाय रं. येवढं घाल त्याच्या अंगावर."

लाटेनं कांबळं परत आणून तिच्या पायांशी टाकलं. तिनं ते पुन्हा लोटलं. ते पुन्हा आलं. नवऱ्याकडची माणसं दुसरीकडे बघू लागली. मंजुळा रडत पाण्यात धावली, "आय, चल गं घरी. भरती हाय, तो घेनार न्हाय."

"मना ठाव हाय. तू जा, मानसं खोळंबलीत."

ओलं कांबळं मांडीवर घेऊन ती वाळूत बसली.

"वोहोटी लागंल," ती म्हणाली.