उजव्या तळहातावरचं दही

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. मी रांगत होते तेव्हाच वडील वारले. मला सांभाळायला घरात कुणी नाही, म्हणून ती मला जुन्या धोतराच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधून जायची. एका दुपारी गाठ सुटली आणि मी चुलीतल्या निखाऱ्यांत उजवा हात घातला. मला त्यातलं काही आठवत नाही. जखम भरली तेव्हा अंगठा सोडून चारही बोटं तळहाताला चिकटून बसली होती.

शाळेत मी डाव्या हातानं लिहायचे. गुरुजी म्हणायचे, "हात बदल." मी मूठ दाखवायचे.

दुसरीत असताना कळलं, की बेळगावात एका दवाखान्यात मुलांची असली ऑपरेशनं करतात. गेलो. व्हरांडाभर पोरं होती. फाटलेल्या ओठाची, वाकड्या पायांची, मुतखड्यानं कळवळणारी. कुणी खानापूरकडचं, कुणी बेळगुंदीचं, कुणी घाटाखालून आलेलं. पोरांसाठी आठवड्यात बुधवार तेवढा, आणि सर्जन एकच. त्यांनी माझी मूठ उलटीसुलटी करून पाहिली आणि चार महिन्यांनंतरचा बुधवार दिला. बरोबर एक चिठ्ठी. आईला अक्षर येत नव्हतं, मीच वाचली. 'त्या सकाळी मुलीला पोटात काही देऊ नये.'

"कळलं न्हवं?" मी विचारलं.

"व्हय की. जेवाण द्यायचं न्हाय."

तो बुधवार आला. आदल्या दिवशी येऊन धर्मशाळेत उतरलो होतो. मोठ्या कामाला निघताना उजव्या तळहातावर दही-साखर घालतात. आईनं निपाणीहून लोटीत दही आणलं होतं. पण माझा उजवा तळहात होता कुठं? डाव्यावर घालू नये, म्हणून तिनं ते सरळ माझ्या तोंडात घातलं.

नर्सबाईंनी विचारलं, "सकाळपासनं काय दिलंय का पोरीला?"

"न्हाय बाई. पानीसुदिक न्हाय."

मी म्हणाले, "दही खाल्लं."

"दही म्हंजे काय जेवाण व्हय गं?" आई म्हणाली.

नर्सबाई रागावल्या नाहीत. क्लोरोफॉर्म दिल्यावर उलटी झाली तर श्वास कोंडून पोर दगावतं, एवढंच त्यांनी सांगितलं आणि माझं नाव खोडलं. फाटलेल्या ओठाचं पोर घेऊन एक बाई व्हरांड्यात नुसत्या आशेवर बसली होती. तिला बोलावलं. आमच्यासमोरून जाताना ती म्हणाली, "तुमचं दही आमच्या पोराला लाभलं बघा, आक्का."

आईनं मान हलवली.

मोटारीनं परतलो. निपाणीला उतरल्यावर आई म्हणाली, "तू गप बसली असतीस तर?"

"तर मेले असते."

"व्हय," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

पुढची पाळी पावसाळा संपल्यावर आली. याही वेळी लोटी होतीच. दवाखान्याच्या पायरीवर आईनं दही स्वतःच्या उजव्या हातावर घेतलं. "तुझ्या नावानं मी खाते. पोट माझं, काम तुझं." तिनं तळहात चाटून साफ केला. मग मला आत नेलं.

हात कितीतरी दिवस फळीला बांधलेला होता. दुखलं असणार. माझ्या लक्षात फक्त ती फळी आहे.

बी.ए.च्या पहिल्या पेपराच्या सकाळी आईनं लोटी काढली. "हात कर." मी उजवा पुढं केला. करंगळीच्या बाजूनं थोडं दही खाली सांडलं. ते तिनं पदरानं पुसलं.

तीन बोटं सुटली. करंगळी अजून वाकडी आहे. त्याच हातानं मी सगळे पेपर लिहिले आणि पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.