बुजवलेली भोकं

बावड्याकडच्या त्या पडलेल्या भिंतीचा पंचनामा मला आजही ओळ न् ओळ आठवतो. तिथल्या ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. एका दूध संकलन केंद्राची इमारत प्रीकास्ट पद्धतीने उभी राहत होती. भिंती बारामती एमआयडीसीजवळच्या यार्डात ओतायच्या, ट्रेलरवरून आणायच्या आणि क्रेनने जागेवर बसवायच्या. त्या सकाळी तिसऱ्या भिंतीचे टेकू काढले, चौथी क्रेनला लटकत होती, आणि तिसरी कोसळली. एक मजूर जागीच गेला.

क्रेनचा धक्का लागला, असा जबाब साइट इंजिनिअरने दिला. क्रेनचालक वडगाव निंबाळकरचा. तो एकच वाक्य धरून बसला होता. "मॅडम, दोन भिंतींत चांगलं हातभर अंतर हुतं." बाहेर गर्दी, वरून फोन. अटक दाखवा, विषय संपवा. मी स्टेशन डायरीत 'तपास चालू' लिहिलं आणि त्याला अटक केली नाही.

दुसऱ्या दिवशी साइटवर काम करणारी एक मजूर बाई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"क्रेनकडं काय बघताय? भिंतीच्या बुडाकडं बघा की," म्हणाली आणि निघून गेली.

मी पंचांना घेऊन साइटवर गेले. जोत्यातून वर आलेले लोखंडी गज भिंतीच्या बुडातल्या भोकांत शिरायला हवेत, मग तिथे सिमेंट भरून ते जाम करायचे, मग टेकू काढायचे. ड्रॉइंगमध्ये हे स्पष्ट होतं. इथे भोकं सफाईने बुजवलेली होती आणि गज ग्राइंडरने छाटलेले होते.

गवंड्याला बोलावलं. साठीचा, हात सिमेंटने राठ झालेले.

"तात्या, ही भोकं कुणी बुजवली?"

"मीच की! खराब माल आलता बाई. भोकं ठिवून भिंत हुबी करत्यात व्हय कुठं? माझ्या हाताखालनं असली भिंत जायची न्हाय. एका दिसात समदी लिपून काढली."

मी त्याला गज आणि भोकांचं काम समजावलं.

"म्हंजी मीच मारला का त्याला?"

"ते मी ठरवते. गज कुणी छाटले?"

"सायबानं छाटाय लावलं. म्हनला, आडवं येत्यात."

इंजिनिअरला समोर बसवलं. ड्रॉइंगवर त्याचीच सही होती. तरी त्याचं सुरू, "मॅडम, इथले लोक अडाणी. यांना प्रीकास्ट कळत नाही."

"तुम्हाला कळतं ना?"

"हो, पण..."

"मग गज का छाटले? भोकं पुन्हा कोरायला किती वेळ लागला असता?"

"दोन दिवस," तो म्हणाला. ते दोन दिवस वाचवायला गज छाटले होते, पुढचं मला विचारावं लागलं नाही.

वरिष्ठांनी सुचवलं, निदान गवंड्याचं नाव आरोपींत घाला. मी नकार दिला. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. आयुष्यभर भिंत जशी नीट केली तशीच त्याने हीही नीट केली. आरोपपत्र इंजिनिअर आणि ठेकेदारावर गेलं. त्याआधी माझी बदली झाली. नव्या ठाण्यात बसून मी ते पूर्ण करून घेतलं.

गावात ओरड सुरू झाली, या रेडिमेड भिंती बंद करा. मी तेव्हाही बोलले, आजही बोलते. भिंतीचा दोष नव्हता. त्याच इमारतीच्या बाकीच्या भिंती नंतर भोकं पुन्हा कोरून, गज नीट बसवून उभ्या केल्या आणि त्या उभ्या आहेत. नवी पद्धत जरूर आणा. पण ज्याच्या हातून ती करून घ्यायची, त्याला आधी समोर बसवून शिकवा. ते न करता त्याला अडाणी म्हणणाऱ्यावर माझा पहिला संशय असतो.

कोर्टात बचावाच्या वकिलाने गवंड्याला डिवचलं, "भोकं तुम्हीच बुजवली ना?"

"व्हय, मीच," तो ताठ उभा राहून म्हणाला. "मला ठावं नव्हतं. ह्या सायबाला ठावं हुतं."

वकील खाली बसला.