झोपलेल्या मॅस्टिफचं चित्र

त्या वर्षी मी फार थकलो होतो. दिवसा शाळेत ड्रॉइंगचे तास, आणि रात्री अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस बदलत राहायचं. दिवसभर बायको त्यांचं करायची, म्हणून रात्र माझ्याकडे. अशात फुलचूरच्या रस्त्यावरच्या एका राईस मिलच्या शेठचं बोलावणं आलं.

शेठकडे मॅस्टिफ जातीची एक कुत्री होती. इंग्रज गेले तेव्हा देवरीकडचा जंगलखात्याचा एक साहेब ती पिल्लू असतानाच शेठकडे सोडून गेला होता. आता ती वासराएवढी झाली होती, आणि म्हातारीही.

"मास्तर, खडी तसबीर चाहिए," शेठ म्हणाले. "इतनी बडी, की फाटक से दिखे. दांत दिखने चाहिए."

शाळा सुटली की मी सायकलने मिलवर जाऊ लागलो. धानाच्या पोत्यांच्या आडोशाला ती पसरलेली असायची. कपाळावर वळ्याच वळ्या, लोंबते ओठ, त्यातून ओघळणारी लाळ. पेन्सिलीने सुरकुत्या साधायच्या, पण अंगाचा भार काही उतरेना. कागदावर ती रिकाम्या पोत्यासारखी दिसायची. शेवटी पेन्सिल ठेवून कोळशाची कांडी घेतली.

पण ती उभी राहीना. साहेबाच्या वेळेपासून तिला सांभाळणारा देवरीकडचा म्हातारा राखणदार तिच्या पोटाखाली हात घालून तिला उचलायचा. ती जराशी थरथरत उभी राहायची आणि धपकन खाली बसायची.

"कायले उभी करता तिले, मास्तर?" एकदा तो चिडून म्हणाला. "कंबर गेली तिची. दुखून राहिलं तिले."

त्यानंतर मी तिला उठवायला सांगितलं नाही.

एके दिवशी तिने आपलं जड डोकं माझ्या पावलावर ठेवलं. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हललो नाही. मिलची घरघर चालू होती. पोत्याला टेकल्या टेकल्या माझा डोळा कधी लागला, कळलंच नाही. जागा झालो तर समोर शेठ उभे. मी धडपडत उठू लागलो.

"बैठो, बैठो. घर में कोई बीमार है क्या?"

मी वडिलांचं सांगितलं. कित्येक महिन्यांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. शेठनी चहा मागवला आणि स्वतःही एका पोत्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी तिथे माझ्यासाठी खाट टाकलेली होती. "पडा घडीभर," राखणदार म्हणाला, "मंग काढा तुमचं चित्र." मी पडायचो. खाली ती घोरायची. उठलो की काढायला बसायचो.

ती झोपलेलीच काढली. कागद जोडून जवळजवळ तिच्याएवढी. कोळसा चिंधीने चोळून सावल्या केल्या, अंगावर गेरूचा हात फिरवला. बायको म्हणायची, "कुत्र्याचा वास येऊन राहिला तुमच्या अंगाले," आणि आंघोळीचं पाणी काढून ठेवायची.

शेठ चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले.

"ये फाटक पे नहीं लगेगी," ते म्हणाले. मला वाटलं, मेहनत वाया गेली. "ये अंदर लगेगी. फाटक के लिए दूसरी बना दो."

ती दुसरी मी मनानेच रंगवली. उभी, दात विचकलेली. येणारेजाणारे थांबून बघायचे, वाहवा करायचे. आमच्या म्हातारीशी तिचं काही साम्य नव्हतं.

थंडीत ती गेली. राखणदार स्वतः शाळेत सांगायला आला. मी दुपारपर्यंत सुट्टी मागून गेलो. मिलच्या मागे तिला पुरलं. शेठ म्हणाले, नवं पिल्लू आणतो, त्याचंही चित्र काढा.

"नको शेठजी," मी म्हणालो. "आता हात चालत नाही." त्यांनी आग्रह केला नाही.

राखणदार त्याच दिवशी गावी निघाला. मी त्याला देवरीच्या मोटारीपर्यंत सोडायला गेलो.

"अजून काही दिवस राहिला असतात," मी म्हणालो.

"कोणासाठी, मास्तर?"

मोटार सुटली. मी सायकल वळवून शाळेत आलो. सातवीचा तास अजून बाकी होता.