खालच्या स्टँडवरचे शेखचाचा

शेखचाचा झाकण न उघडता डब्यात काय आहे ते सांगायचे. फडक्यात बांधलेला डबा उचलायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मेथी. लसूण जरा जास्तच पडलाय. आई घाईत होती काय गं?" बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मागे दोन ड्रायव्हर हुज्जत घालत असले, तरी वास घेतल्याशिवाय डबा हातात मिळत नसे.

चाचा नाशिकच्या मोठ्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, ते लिहायचं आणि रेंगाळणाऱ्या ड्रायव्हरला हाकलायचं, हे त्यांचं काम. डब्यांशी त्यांचा कागदोपत्री काहीच संबंध नव्हता. मी सिन्नरच्या पलीकडच्या एका गावातून बी.एस्सी. करायला नाशिकला आले, मेसचं जेवण मला मानवेना, तेव्हा आईने मुक्कामी गाडीने डबा पाठवायला सुरुवात केली. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे निघणारी. ड्रायव्हर डबा बॉनेटजवळ ठेवायचा आणि स्टँडवर आला की चाचांच्या केबिनबाहेरच्या बाकावर आणून द्यायचा. अशा आम्ही अकरा जणी होतो, अकरा वेगवेगळ्या गावांच्या. कॉलेजला जाता जाता डबा उचलायचा, चाचांचा निकाल ऐकायचा आणि पळायचं.

मी पहिल्या वर्षाला असतानाच नवं स्टँड सुरू झालं. वर दुकानं आणि गाड्या सगळ्या जमिनीखाली. उद्घाटनाला हार-तुरे झाले, फोटो निघाले. आठवड्याभरात सरकता जिना बंद पडला आणि तो पुढे साधा जिना म्हणूनच वापरात राहिला. धूर ओढून घेणारे मोठे पंखे होते, त्यातले निम्मे फिरायचे. बाकीचे का फिरत नाहीत, हे विचारून लोक दमले आणि मग विचारायचे थांबले. चाचांची केबिन पार आतल्या कोपऱ्यात गेली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी चाचांना म्हटलं, "चाचा, भाकरीला डिझेलचा वास येतो." तक्रार म्हणूनही नव्हे, आपलं सहज. चाचांनी डबा पुन्हा नाकाशी धरला, बराच वेळ धरला. मग म्हणाले, "येतो खरा. खाना थंड चालतो बेटा, धुरकट नाही चालत."

दुसऱ्या दिवसापासून चाचा डबे वर आणू लागले. जिन्याच्या तोंडाशी वॉचमनची खुर्ची होती, तिच्याशेजारच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवायचे. गाड्या काही एकदम येत नाहीत. पेठची आठला, आमची पावणेनऊला, सटाण्याकडची साडेनऊला. म्हणजे दर सकाळी तीन-चार फेऱ्या, एकावेळी तीन-चार डबे, चव्वेचाळीस पायऱ्या. जागा सोडून जाता म्हणून वरच्या साहेबांनी त्यांना दोनदा झापलंही. चाचांनी साहेबांना सांगितलं, "साहेब, हवा खायला जातो मी." हे सांगून आमच्यासमोर ते स्वतःच खूप हसले होते. आम्हीही हसलो. आमची तर सोयच झाली होती. स्टँडमध्ये उतरायला नको, धूर नको, ओढणी नाकाला लावायला नको.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस चाचांनी माझा डबा उचलला आणि म्हणाले, "मेथी." तो शेपू होता. शेपूची भाजी म्हणजे नाक नसलेल्यालाही कळावी अशी. मी त्यांना चिडवलं, "चाचा, म्हातारे झालात." ते म्हणाले, "झालो खरा." मग हळूहळू त्यांनी ओळखणंच बंद केलं. नुसता डबा पुढे करायचे. आम्हाला वाटलं, कंटाळले असतील. माणूस कंटाळतोच. जिना चढताना ते मधेच थांबायचे आणि हातातले डबे मोजायचे. तीन डबे मोजायला एवढा वेळ कशाला लागतो, हे अकरा जणींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. आम्ही विज्ञान शिकत होतो.

त्यांच्या खोकल्याबद्दल मला आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. "लय खोकतात शेखसाहेब. डॉक्टरनं खाली काम करायला बंदी केली हाय. देवळाली कॅम्पला बदली मिळत होती, घराजवळ, उघड्यावर. दोनदा नाय म्हनले." मी चाचांना विचारलं, तर म्हणाले, "तुमची परीक्षा होऊ दे. मग जातो ना." परीक्षा झाली. पुढच्या जूनमध्ये तिसरं वर्ष सुरू झालं, चाचा तिथेच होते. मी पुन्हा काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर, ते गेले तर डब्याचं काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला होता.

गणपतीच्या आसपास एका सोमवारी कट्टा रिकामा दिसला. वॉचमन म्हणाला, "चाचा ॲडमिट आहेत. डबे खालीच आहेत, जाऊन घ्या." नवे कंट्रोलर काही वर येणार नव्हते आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी खाली उतरले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्या केबिनपाशी उभी राहिले. सकाळचे नऊ वाजले होते आणि ट्यूबलाइट चालू होत्या. डोळ्यांना धार लागली. टेबलावरचा पंखा तोच धूर इकडून तिकडे ढकलत होता. भिंतीला हात टेकला तर तळवा काळा झाला. आमची गाडी उशिरा आली, तोवर दहा-बारा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात मला मळमळायला लागलं. चाचा तिथे रोज आठ तास असायचे आणि त्यातून उरलेल्या दमात आमचे डबे घेऊन जिना चढायचे.

पुढच्या रविवारी मी देवळाली कॅम्पला गेले. चाचा घरी आले होते. बाजाराच्या मागे दोन खोल्या, दारात तुळस आणि सब्जाच्या कुंड्या. चाचा उशांना टेकून बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. मला बघून हसले आणि त्या हसण्यानेच त्यांना दम लागला. चाचींनी चहा ठेवला. कपात चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "किती मुली होत्या तुम्ही?"

"अकरा."

"अकरा मुली," चाची म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "रोज एकीने जरी खाली उतरून सगळे डबे आणले असते, तरी दहा-बारा दिवसांनी एकदा पाळी आली असती. नाही का?"

मी कपबशी खाली ठेवली.

चाचांनी हात वर केला. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "तिला काही बोलू नको. मीच सांगितलं होतं पोरींना. खाली पाय ठेवायचा नाही म्हणून. रोज यायला बघायच्या. मीच ओरडायचो. विचार तिला."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. आणि आम्ही एकदाही खाली यायला बघितलं नव्हतं. चाची माझ्याकडे बघत होत्या. चाचाही बघत होते. मी मान हलवली. मीच हो म्हणाले.

थंडी संपता संपता चाचा गेले. आता मी नाशिकमध्येच शाळेत शिकवते. ईदला चाचींकडे जाते. त्या मला जवळ बसवतात, शेजारणींना सांगतात, "ही त्या पोरींमधली. धुरात उतरायला तयार होत्या बिचाऱ्या, आमच्या ह्यांनीच उतरू दिलं नाही." दोनदा मी खरं काय ते सांगायचं म्हणून ठरवून गेले. दोन्ही वेळा शीरखुर्मा खाऊन परत आले.